बोस्टनमध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे मूळ कागद बघायचेत? मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बोस्टनला राहायला आलेली आपली बहुतेक मंडळी पहिल्या उन्हाळ्यातच फ्रीडम ट्रेल, म्हणजे क्रांतीच्या जागांवरून जाणारी पायवाट, करून टाकतात, भारतातून आईबाबा आले की त्यांनाही तीच लाल विटांची रेघ धरून फिरवतात, पॉल रिव्हिअरचं घर, ओल्ड स्टेट हाऊस, बंकर हिलचा मनोरा, फोटो झाले की संपलं. ते सगळं छानच आहे पण ज्या माणसांच्या नावाचे बोर्ड आपण वाचत फिरतो त्यांच्या हातची पत्रं, डायऱ्या, हिशेबाच्या वह्या याच शहरात एका इमारतीत ठेवलेल्या आहेत आणि त्या बघायला तुम्ही प्रोफेसर असण्याची, पीएचडी करत असण्याची किंवा अमेरिकन नागरिक असण्याचीही गरज नाही हे फार थोड्यांना माहीत असतं. या युद्धाला २५० वर्षं होतायत म्हणून सध्या सगळीकडे त्याचीच चर्चा आहे, मुलांना शाळेत प्रोजेक्ट्स मिळतायत, तर म्हटलं एकदा नीट सगळं लिहून काढावं.

संस्था म्हणजे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, पत्ता ११५४ बॉयल्स्टन स्ट्रीट. ग्रीन लाईनच्या हाइन्स कन्व्हेन्शन सेंटर स्टेशनवर उतरून फेनवेच्या दिशेने थोडंसं चालायचं. १७९१ मध्ये जेरेमी बेल्कनॅप नावाच्या पाद्र्याने आणि त्याच्या काही मित्रांनी ही सुरू केली, अमेरिकेतली सगळ्यात जुनी हिस्टॉरिकल सोसायटी हीच. म्हणजे युद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती, लढलेली माणसं अजून हिंडत फिरत होती आणि हे लोक त्यांच्याकडून कागद गोळा करत होते. आपल्याकडे राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते १९१० मध्ये, आणि तेव्हा पेशवाई जाऊन नव्वद वर्षं उलटली होती. कागद वेळेत गोळा झाले तर काय फरक पडतो ते इथे दिसतं.

१. आधी नक्की करा, हीच संस्था हवी आहे ना?

बोस्टनमध्ये सारख्या नावांच्या आणि सारखं काम करणाऱ्या संस्था भरपूर आहेत आणि नव्या माणसाचा पहिला घोळ इथेच होतो.

- सरकारी कागद हवे असतील, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळाचे ठराव, पगारपत्रकं वगैरे, तर मॅसॅच्युसेट्स स्टेट आर्काइव्ह्ज. ते डॉर्चेस्टरमध्ये कोलंबिया पॉइंटला, केनेडी लायब्ररीच्या शेजारी.
- वंशावळ हवी असेल तर न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी, न्यूबरी स्ट्रीटवर. ही १८४५ ची. हिचं आणि आपल्या संस्थेचं नाव लोक हमखास एकत्र करतात.
- एखाद्या साध्या सैनिकाची पेन्शन फाईल हवी असेल तर ती राष्ट्रीय आर्काइव्ह्जकडे, आणि ऑनलाईन मिळते. १८१८ आणि १८३२ च्या पेन्शन कायद्यांमुळे म्हाताऱ्या सैनिकांनी आपण कुठे कुठे लढलो ते शपथेवर सांगितलंय, वाचण्यासारखं असतं.
- खाजगी पत्रं, डायऱ्या, घराण्यांचे कागद, वर्तमानपत्रं, वस्तू असं सगळं हवं असेल तर मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी.

गुगलवर नुसतं एमएचएस हे लघुरूप टाकू नका, दुसऱ्या संस्थाही पुढे येतात.

२. विषय घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा

"मला अमेरिकन क्रांतीबद्दल बघायचंय" असं म्हणाल तर काऊंटरवरची माणसं मदत करतील पण तुमचा अर्धा दिवस जाईल. त्यापेक्षा छोटा, धारदार प्रश्न न्या. बोस्टनला वेढा पडला होता (आत इंग्रज फौज, बाहेर अमेरिकन) तेव्हा शहरातली माणसं खात काय होती? देवीची साथ आली तेव्हा आयांनी पोरांचं काय केलं? ज्यांना गुलाम म्हणून ठेवलं होतं त्यांनी "स्वातंत्र्य" या सगळ्या आरडाओरड्याकडे कसं बघितलं?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथल्या कागदात आहेत. शेवटच्याचं सांगतो कारण ते पाठ्यपुस्तकात कमी येतं. जानेवारी १७७७ मध्ये प्रिन्स हॉल आणि इतर काळ्या माणसांनी मॅसॅच्युसेट्सच्या सरकारकडे अर्ज केला की तुम्ही ब्रिटनशी ज्या हक्कांसाठी भांडताय तेच हक्क आम्हालाही आहेत, तर आम्हाला मोकळं करा. त्या अर्जाची हस्तलिखित प्रत इथे आहे. पुढे १७८३ मध्ये क्वॉक वॉकर नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायाधीश विल्यम कुशिंगने काढलेली टिपणंही इथेच आहेत, मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी संपण्यात या खटल्याचं नाव कायम घेतलं जातं. आणि फिलिस व्हीटली, जिला लहानपणी आफ्रिकेतून धरून आणून बोस्टनमध्ये विकलं आणि जिचं कवितांचं पुस्तक १७७३ मध्ये लंडनहून छापून आलं, तिचं लिहायचं टेबलही इथेच जपून ठेवलंय.

आपल्या मराठी माणसांसाठी अजून एक प्रश्न सुचवतो, कंपनीचा. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात जो चहा ओतला तो ईस्ट इंडिया कंपनीचा, चहा चीनचा पण कंपनी तीच जी बंगाल गिळून बसली होती. इकडे एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला या युद्धाची पहिली गोळी सुटली त्याच्या महिनाभर आधी मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला होता आणि त्यातून पहिलं इंग्रज मराठा युद्ध पेटलं, ते सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये मिटलं. म्हणजे दोन्ही युद्धं जवळपास एकाच वेळी चालू होती. यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि टिपूविरुद्धच्या लढाईत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने उभ्या होत्या. शाळेत आपण हे दोन वेगवेगळ्या पुस्तकांत शिकलो त्यामुळे डोक्यात एकत्र येत नाही. बोस्टनची वर्तमानपत्रं उघडून त्यात कंपनीबद्दल काय काय छापून येत होतं ते शोधणं हा फार चांगला पहिला प्रश्न आहे, आणि तो तुम्ही घरबसल्या सुरू करू शकता.

३. आधी घरून बघा, बरंच काही ऑनलाईन आहे

ही पायरी गाळू नका. सोसायटीच्या वेबसाईटवर जे फुकट आहे त्यातलं नव्या माणसाने काय बघावं ते माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिलं, हारबॉटल डॉरची वर्तमानपत्रं. हा बोस्टनचा एक साधा दुकानदार. १७६५ मध्ये स्टॅम्प ॲक्टची, म्हणजे ब्रिटनने वसाहतींतल्या छापील कागदांवर लावलेल्या कराची, गडबड सुरू झाली तेव्हापासून याने वर्तमानपत्रं जमवायला सुरुवात केली, नुसती जमवली नाहीत तर समासात स्वतःची मतं लिहिली, निनावी लेख कोणाचा आहे ते लिहिलं, मागच्या कुठल्या पानावर याचा संदर्भ आहे ते खुणा करून जोडलं, आणि वर स्वतःच्या हाताने सूची बनवली. असे ४ खंड आहेत आणि पानं स्कॅन करून टाकलेली आहेत. क्रांती डोळ्यांसमोर घडत असताना एक दुकानदार काय विचार करत होता हे इतक्या जवळून मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

दुसरं, ॲडम्स घराण्याचे कागद. जॉन आणि ॲबिगेल ॲडम्स या नवराबायकोची एकमेकांना लिहिलेली अकराशेहून जास्त पत्रं. तो फिलाडेल्फियात काँग्रेसमध्ये, ती ब्रेनट्रीला शेत आणि चार पोरं सांभाळत. ३१ मार्च १७७६ चं "नवीन कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा" हे पत्र सगळ्यांना माहीत असतं पण तुम्ही १८ जून १७७५ चं आधी काढा. आदल्या दिवशी बंकर हिलची लढाई झालेली, तिने ती घराजवळच्या टेकडीवरून आठ वर्षांच्याही आतल्या मुलाला बरोबर घेऊन बघितलेली, आणि त्यांच्या घरोब्याचा डॉक्टर जोसेफ वॉरन त्यात मेल्याची बातमी ती नवऱ्याला लिहितेय. तो मुलगा जॉन क्विन्सी पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. नंतर जुलै १७७६ ची पत्रं वाचा, ती पोरांना घेऊन देवी टोचून घ्यायला बोस्टनला आलेली असते आणि त्याच मुक्कामात आजच्या ओल्ड स्टेट हाऊसच्या गॅलरीतून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचलेला ती स्वतः ऐकते.

तिसरं, बोस्टनच्या वेढ्याची पत्रं आणि डायऱ्या, १७७५ ते १७७६, आणि क्रांती कशी पेटत गेली याचं शाळेच्या मुलांना समजेल असं एक वेगळं पान. मुलांना इथून सुरुवात करून द्या.

४. कॅटलॉग शोधताना: आजचे शब्द नाहीत, तेव्हाचे शब्द

सोसायटीच्या कॅटलॉगचं नावच ॲबिगेल आहे. त्यात शोधताना लोक अडकतात ते शब्दांमुळे. "बोस्टन टी पार्टी" हे नाव त्या काळी कोणी वापरत नव्हतं, ते पन्नासेक वर्षांनी रूढ झालं. तेव्हाचे लोक "चहाचा नाश" म्हणायचे, म्हणजे इंग्रजीत डिस्ट्रक्शन ऑफ द टी. सोसायटीकडे एक छोटीशी काचेची बाटली आहे, तिच्यात सुकलेली काळपट चहाची पत्ती, डॉर्चेस्टरच्या किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी गोळा केलेली, तिच्या लेबलवर सुद्धा डिस्ट्रक्शन हाच शब्द आहे. तसंच "लॉयलिस्ट" म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूचे लोक शोधून कमी मिळालं तर "टोरी" टाका, "देशभक्त" ऐवजी "सन्स ऑफ लिबर्टी" (ब्रिटिशांना विरोध करणाऱ्यांचा गट) टाका, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे माणसाच्या किंवा गावाच्या नावाने शोधा. स्पेलिंगचे दोन तीन प्रकार करून बघा, तेव्हा स्वतःचं आडनाव सुद्धा लोक एकाच पत्रात दोन प्रकारे लिहायचे.

मोठ्या संग्रहांना कलेक्शन गाईड असतं. खोकं कितवं, फोल्डर कितवा, त्यात कुठल्या वर्षांची पत्रं, हे त्यात दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय काहीही मागवू नका. खोका आणि फोल्डर नंबर, संग्रहाचं पूर्ण नाव आणि कॉल नंबर (संग्रहाचा लायब्ररीतला क्रमांक) हे तीन वहीत उतरवून ठेवा.

५. नोंदणी करा आणि आधी ईमेल टाका

लायब्ररी वापरायला फी नाही, मेंबर असावं लागत नाही. ऑनलाईन अकाउंट काढायचं, त्यातूनच काय बघायचंय त्याची मागणी नोंदवायची. काही संग्रह मागवायला आधी सांगावं लागतं त्यामुळे सकाळी गेलो आणि मागितलं असं दरवेळी चालत नाही. वेळा आणि सुट्ट्या बदलतात, निघायच्या आधी वेबसाईट बघा, विशेषतः एप्रिलमध्ये, तिसऱ्या सोमवारी पेट्रियट्स डे असतो आणि मॅरेथॉनमुळे बॉयल्स्टन स्ट्रीटचा तो भाग माणसांनी भरलेला असतो.

इथे सगळ्यात मोठी अपेक्षा मोडते ती सांगून ठेवतो. ज्याचं स्कॅन किंवा मायक्रोफिल्म आहे त्याचं मूळ सहसा हातात देत नाहीत. ॲडम्स कागदांची ६०८ रिळांची मायक्रोफिल्म आहे, त्यामुळे ॲबिगेलचं मूळ पत्र हातात धरायला मिळेल या आशेने जाऊ नका. यात काही चुकीचं नाही, अडीचशे वर्षांचा कागद किती वेळा उलटणार? पण कमी प्रसिद्ध माणसांचे कागद, एखाद्या व्यापाऱ्याची पत्रवही, एखाद्या सैनिकाची डायरी, हे मात्र खरंखुरं समोर येतं. म्हणूनच ईमेल टाका. दोन ओळीत तुमचा प्रश्न लिहा, ऑनलाईन काय बघून झालंय ते लिहा, तिथले लायब्रेरियन तुम्हाला माहीत नसलेला संग्रह सुचवतात. इंग्रजी फार सजवायची गरज नाही.

६. जाताना बरोबर काय घ्यायचं

- फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र. ड्रायव्हिंग लायसन्स नसेल तर पासपोर्ट, नवीन आलेल्यांनी आणि पर्यटकांनी मूळ पासपोर्टच न्यावा.
- लॅपटॉप किंवा फोन, चार्जर.
- पेन्सिल. पेन आत चालत नाही.
- वहीत उतरवलेले ते नंबर.
- पातळ स्वेटर, अशा खोल्या थंड ठेवलेल्या असतात.

बॅग, कोट, पाण्याची बाटली, डबा हे सगळं लॉकरमध्ये जातं. आत खाणं पिणं नाही.

७. रीडिंग रूममध्ये

एका वेळी एक खोकं, त्यातला एकच फोल्डर टेबलावर. कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेवायचे, उचलून डोळ्यासमोर धरायचे नाहीत, टेबलावर सपाट राहू द्यायचे. हात धुऊन कोरडे करून बसा, पांढरे हातमोजे सिनेमात दिसतात, साध्या कागदाला सहसा लागत नाहीत, उलट मोज्याने बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. फ्लॅश बंद करून फोटो काढता येतात पण आधी विचारा. फोटो काढताना एक सवय लावून घ्या, प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला फोल्डरच्या लेबलचा फोटो आधी, मग पत्राचे. नाहीतर घरी गेल्यावर दोनशे फोटो असतात आणि कुठलं पान कशातलं काहीच कळत नाही.

८. अक्षर लागत नाही म्हणून घाबरू नका

मोडी शिकलेल्यांना हा अनुभव माहितीये, पहिल्या दिवशी नुसत्या वेलांट्यांची जत्रा दिसते आणि मग हळूहळू शब्द सुटे व्हायला लागतात. इथे लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. शब्दाच्या मध्ये येणारा लांब एस हा एफसारखा दिसतो. "ये" (ye) असं दिसलं तर तो बहुतेक "द" (the) असतो. तारखेपुढे "इन्स्टंट"चं लघुरूप म्हणजे याच महिन्यातली, "अल्टिमो"चं म्हणजे मागच्या महिन्यातली, हे कळलं नाही तर घटनांचा क्रमच उलटतो. ॲबिगेल कधी कधी "पोर्शिया" अशी सही करते, टोपणनावांची तेव्हा पद्धत होती. १७५२ च्या आधीच्या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन, कॅलेंडरच्या असतात, जन्मतारखा जुळवताना उपयोगी पडेल.

सोपा उपाय म्हणजे ज्याचं छापील वाचन उपलब्ध आहे असं एखादं पत्र घ्यायचं, स्कॅन एका बाजूला, छापील मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि ओळ ओळ लावून वाचायचं. ॲडम्स, वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जेफरसन यांची पत्रं राष्ट्रीय आर्काइव्ह्जच्या फाउंडर्स ऑनलाईनवर टाईप केलेली मिळतात. अशी काही पत्रं झाली की अनोळखी माणसाचं अक्षरही लागायला लागतं.

आणि वाचताना खोडाखोड, सहीजवळचा मजकूर सोडू नका. इंग्रज फौज निघाल्याची खबर घोड्यावरून द्यायला गेलेल्या पॉल रिव्हिअरने १८ एप्रिल १७७५ च्या त्या रात्रीची हकीकत बेल्कनॅपला १७९८ च्या सुमाराला पत्रात लिहून दिली, ते पत्र सोसायटीकडे आहे. त्यात सहीपाशी "१७७५ चा एक सन ऑफ लिबर्टी" असं लिहून, माझं नाव छापू नका असं सांगितलंय. सोसायटीने छापलं ते त्याच्या नावानेच. त्याच हकीकतीत तो वाटेत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातात सापडला आणि काँकॉर्डपर्यंत पोचलाच नाही हेही त्याने स्वतःच सांगितलंय, अमेरिकेत शाळेत शिकवतात त्या लाँगफेलोच्या कवितेत ते येत नाही.

९. कागद वाचायचे नसतील तर: प्रदर्शन आणि कार्यक्रम

सगळ्यांना रीडिंग रूममध्ये बसायचं नसतं, ठीक आहे. इमारतीतच प्रदर्शनं असतात, फुकट. सोसायटीच्या संग्रहात कर्नल विल्यम प्रेस्कॉटची तलवार आणि कॅप्टन लिन्झीची तलवार अशी एक जोडी आहे. बंकर हिलच्या लढाईत पहिला अमेरिकनांचं नेतृत्व करत होता, दुसरा ब्रिटिश जहाजावरून तोफा डागत होता. पुढे एकाच्या नातवाचं दुसऱ्याच्या नातीशी लग्न झालं आणि दोन्ही तलवारी एकाच घरात भिंतीवर आडव्या उभ्या लागल्या. नेमकी कुठली वस्तू सध्या मांडलेली आहे ते मात्र आधी विचारून घ्या, सगळ्या एकदम बाहेर नसतात.

व्याख्यानं वर्षभर चालतात, बरीचशी ऑनलाईनही, त्यामुळे पुण्या-नागपूरहून सुद्धा ऐकता येतात, फक्त वेळेचा फरक बघा. नाव आधी नोंदवावं लागतं, झालेल्या बऱ्याच व्याख्यानांचे व्हिडिओ नंतर यूट्यूबवर येतात. त्यांचा एक पॉडकास्टही आहे, एकेका वस्तूवर एकेक भाग. अभ्यासकांची सेमिनार्स वेगळी, तिथे निबंध आधी वाचून यायचा असतो, नुसतं ऐकायला जायचं असेल तर ती निवडू नका.

१०. मुलं सहावी ते बारावीत असतील तर हिस्टरी डे

आपल्याकडे मुलांना मॅथ ऑलिंपियाड, स्पेलिंग बी, रोबोटिक्सला घालतात, हिस्टरी डे मात्र माहीत नसतो. नॅशनल हिस्टरी डे ही देशभराची स्पर्धा आणि मॅसॅच्युसेट्सची बाजू ही सोसायटीच सांभाळते. निबंध, प्रदर्शन, डॉक्युमेंटरी, वेबसाईट किंवा नाट्यप्रयोग यातलं एक निवडायचं, एकट्याने किंवा गटाने (निबंध मात्र एकट्यानेच), आधी विभाग मग राज्य मग जूनमध्ये मेरीलँडला राष्ट्रीय फेरी. दरवर्षी एक थीम असते, विषय त्यात बसवावा लागतो.

पालकांनी दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे शाळा भाग घेते का ते सप्टेंबरातच विचारा, हिवाळ्यात विचारून उपयोग नाही. दुसरं म्हणजे टिपांसहित संदर्भसूची लागते, प्रत्येक साधनापुढे ते कशासाठी वापरलं ते लिहायचं, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलली की पोरं रडकुंडीला येतात, पहिल्या दिवसापासून लिहायला लावा. विषय मात्र त्यांना निवडू द्या. कंपनीचा चहा आणि मराठ्यांचं युद्ध एकाच प्रोजेक्टमध्ये आणणारं मूल मला बघायला फार आवडेल, तिसऱ्या मुद्द्यातल्या डॉरच्या वर्तमानपत्रांपासून सुरुवात करा म्हणावं. शिक्षक असाल तर सोसायटीची शिक्षकांसाठी वर्कशॉप्स असतात, आणि संशोधन करणाऱ्यांसाठी दरवर्षी फेलोशिप्स निघतात, त्याच्या अर्जाची मुदत वेबसाईटवर बघा.

११. फोटो छापायचा असेल तर

स्वतःच्या अभ्यासासाठी काढलेला फोटो वेगळा आणि पुस्तकात, मंडळाच्या दिवाळी अंकात किंवा व्हिडिओत वापरायचा फोटो वेगळा. दुसऱ्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागते आणि फी पडू शकते, छपाईच्या बरंच आधी अर्ज करा. लेखात उल्लेख करताना पत्र कोणाचं कोणाला, तारीख, संग्रहाचं नाव आणि शेवटी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, या क्रमाने लिहिलं की पुढचा वाचणारा थेट त्या फोल्डरपर्यंत पोचतो.